काळ्या शाईतलं आयर्लंड

आयर्लंडला निघाले म्हटल्यावर जो तो एकच सांगत होता, "हिरवंगार आहे हो, डोळे निवतील." मला मात्र तिथला काळा रंग बघायचा होता. त्याला कारण वहीच्या पानाएवढं एक चित्र. सेमूर हेडन या इंग्रज चित्रकाराने १८६३ मध्ये टिपरेरी परगण्यात काढलेलं 'अ सनसेट इन आयर्लंड'. एक ओढा, काठाला गच्च झाडी आणि झाडांमागे बुडणारा सूर्य, एवढंच. कॉलेजात मुद्राचित्रण, म्हणजे पत्र्यावर चित्र काढून ते कागदावर छापायची कला, शिकवणाऱ्या सरांनी ते पुस्तकात दाखवलं होतं आणि वर बजावलं होतं, "खरा छाप बघितल्याशिवाय यावर कोणी तोंड उघडू नये." सरांचं ऐकायला बरीच वर्षं गेली.

शुक्रवार, लंडन

ब्रिटिश म्युझियममध्ये मुद्राचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवली तर कोणीही जाऊ शकतं, पैसे पडत नाहीत. बॅग बाहेर ठेवायची, ओळखपत्र दाखवायचं, लिहायला फक्त पेन्सिल. तिथल्या बाईंनी पेटी आणून दिली आणि त्या आपल्या कामाला लागल्या. मग मी आणि ते चित्र.

पुस्तकातल्या फोटोत झाडांचा भाग म्हणजे नुसता डाग दिसायचा. इथे वाकून बघितलं तर त्या डागात चार-पाच तऱ्हेचे काळे होते. पानांच्या शेंड्यांना तपकिरीकडे झुकणारा, बुंध्यांशी एकदम दाट, पाण्यातल्या सावलीत थोडा पातळ. आकाशात मोजक्या रेघा, बाकी कोरा कागद, आणि उजेड सगळा त्या कोऱ्या कागदातून येत होता.

हा काळा येतो ड्रायपॉइंटमुळे. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडून रेघा काढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. रेघ खाण्याचं काम आम्ल करतं. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नाही. टोकदार सुईने तांब्यावर थेट ओरखडे काढायचे. नांगराच्या तासाला माती उचलते तशी ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कोर उठते, शाई तिच्यात अडकून बसते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी फुलते. अडचण अशी की प्रेसच्या दाबाखाली ही कोर थोड्याच छापांत चेपून जाते. म्हणून सुरुवातीच्या छापांसाठी संग्राहक जीव टाकतात.

हेडन पेशाने सर्जन. दिवसभर रुग्ण आणि उरल्या वेळात तांब्याचे पत्रे. चित्रकार व्हिसलरच्या सावत्र बहिणीशी त्याचं लग्न झालं होतं. मेहुणे-मेहुणे आधी एकत्र एचिंग करायचे, पुढे इतकं बिनसलं की १८६७ मध्ये पॅरिसमध्ये व्हिसलरने त्याला काचेच्या खिडकीतून ढकलून दिलं. (नात्यातली भांडणं सगळीकडे सारखीच, काचा तेवढ्या तिकडच्या महाग.) १८८० मध्ये हेडनने एचिंग करणाऱ्या चित्रकारांची संस्था काढली. ती आजही चालू आहे.

टिपरेरीत तो गेला ते हेवॉर्डन या जमीनदार घराण्याच्या ओळखीने. डंड्रम गावी त्यांची जहागीर होती. घरची सून क्लेमेंटिना ही त्या काळात फोटो काढणारी बाई. तिचे सुरुवातीचे फोटो डंड्रमचेच, पुढे लंडनच्या घरात तिने मुलींचे काढले. बेचाळिसाव्या वर्षी, १८६५ मध्ये ती गेली. तिचे जवळजवळ पावणेआठशे फोटो लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि पुष्कळांचे कोपरे फाटलेले आहेत, कारण कधीतरी कोणीतरी ते अल्बममधून ओरबाडून काढले. एकाच झाडीकडे एकीने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि दुसऱ्याने सुईने, हे मला फार आवडलं.

व्हिसाबद्दल: भारतीय पासपोर्टवर ब्रिटन आणि आयर्लंड दोन्ही करायचे असतील तर संयुक्त योजनेची नोंद असलेला व्हिसा मागा. एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. फक्त ज्या देशाने व्हिसा दिला, तिथे आधी उतरावं लागतं.

शनिवार, डब्लिन

भाची ऋता डब्लिनला नोकरीला आहे. विमानतळावरून घरी जाताना मी म्हटलं, "सोमवारी डंड्रमला जायचं बरं का." ती म्हणाली, "मावशी, डंड्रमला कशाला सोमवार? आत्ता ट्रामने जाऊन येऊ, सेलही आहे." डब्लिनमध्ये डंड्रम म्हणजे भलंमोठं शॉपिंग सेंटर. पुढे ज्याला ज्याला सांगितलं त्याने त्याने हेच केलं, आणि दोघांनी तर तिथे कुठल्या दुकानात जा तेही सांगितलं. तुम्ही जाणार असाल तर नकाशात 'डंड्रम, टिपरेरी' असं पूर्ण लिहा. उत्तरेला डाउन परगण्यात आणखी एक डंड्रम आहे.

दुपारी टेंपल बारमध्ये गेलो. तो भाग म्हणजे पब, गिटारी आणि हिरव्या टोप्या. पण कोप स्ट्रीटवर कमानीतून आत गेलं की ग्राफिक स्टुडिओची गॅलरी लागते आणि आवाज एकदम मागे राहतो. भिंतीवर आणि खणांमध्ये आयरिश मुद्राचित्रकारांची कामं. खण उघडून बघायला कोणी आडकाठी करत नाही.

या स्टुडिओची सुरुवात १९६० ची. त्याआधी आयर्लंडात एचिंग शिकायचं किंवा छापायचं तर सोय फारशी नव्हती. पॅट्रिक हिकी आणि त्याच्या चार मित्र-मैत्रिणींनी मिळून सामायिक प्रेस उभा केला. त्यात कवी येट्सची मुलगी अ‍ॅन येट्सही होती. हिकीचा जन्म १९२७ चा, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानातला. एचिंग तो शिकला इटलीत, उर्बिनोला. एकट्यादुकट्याला प्रेस परवडत नाही, जागा परवडत नाही, आम्लाचा वास घरात चालत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच प्रेस वापरायचा. आपल्याकडे कॉलेज सुटलं की मुद्राचित्रण सुटतं ते नेमकं ह्याच कारणाने, माझंही तसंच सुटलं.

जेवायला माशांचं घट्ट सूप आणि ब्राऊन ब्रेड. सोडा घालून केलेला, खरबरीत, वर बोटभर लोणी. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप आणि हा ब्रेड कुठेही मिळतो, उपाशी राहणार नाही.

रविवार, डब्लिन

ऋताने ओळखीतून एका कार्यशाळेत दिवसभराची सोय केली होती. शिकवणारे गृहस्थ साठीचे, नखं काळी, बोलणं हळू. मी सांगितलं की आधी केलं आहे, पण हात गेला आहे. ते म्हणाले, "हात जात नाही, घाबरतो."

पत्रा कापणं, कडा घासणं, मेण चढवणं हे सगळं भराभर झालं. वेळ गेला तो पुसण्यात. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं चित्र सुईने होतं. पण अर्धं चित्र पुसण्यात असतं. शाई पूर्ण पत्र्यावर रगडून भरायची, मग खळ दिलेल्या कडक जाळीदार कापडाचा बोळा करून गोल गोल फिरवत वरची काढायची, खोल रेघांतली मात्र राहू द्यायची. शेवटी उघड्या तळहाताला किंचित खडूची पूड लावून हलके फटकारे मारायचे. मी आकाशाचा भाग घासून लख्ख केला. गृहस्थांनी बघितलं, काही न बोलता बोटावर शाई घेतली, खालच्या कडेला पुन्हा एक पुसट पापुद्रा सोडला आणि म्हणाले, "इथलं आभाळ कधी एवढं स्वच्छ नसतं."

शाईचंही तसंच. डब्यातला काळा ते तसाच वापरत नाहीत, त्यात थोडी 'अंबर' नावाच्या मातीची तपकिरी कालवतात. नुसता काळा कागदावर निळसर आणि मेल्यासारखा दिसतो, तपकिरी पडली की माती येते. मी विचारलं, हिरवा कधी वापरत नाही का? तर म्हणाले, "हिरवा पोस्टकार्डवाल्यांना दिला."

भिजवलेला कागद टिपून पत्र्यावर ठेवला, वर लोकरीच्या घोंगड्या, आणि चाक फिरवलं. कागदाचं टोक धरून उचलताना जो चिकट आवाज होतो तो इतक्या वर्षांनी ऐकला. छाप यथातथाच आला. पण झाडांत काळा पकडला होता.

अशा वर्गाला जायचं असेल तर महिना-दीड महिना आधी विचारा, जागा सात-आठच असतात. जुने कपडे घाला. नखातली शाई विमानतळापर्यंत साथ देते.

सोमवार, टिपरेरी

जूनचा पहिला सोमवार आयर्लंडात बँक हॉलिडे, म्हणून ऋताही बरोबर. आम्ही गाडीने गेलो. रेल्वेने जायचं तर डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून लिमरिक जंक्शनला उतरा, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. नावावर जाऊ नका, लिमरिक जंक्शन लिमरिकमध्ये नाही, टिपरेरी गावाजवळ आहे. पुढे डंड्रमला गाडी लागतेच, गावाचं स्वतःचं स्टेशन १९७६ पासून बंद आहे. गाडी डावीकडून चालते, आपल्याला सोपं जातं. गावरस्ते मात्र कोकणातल्यासारखे अरुंद, आणि समोरून ट्रॅक्टर आला की आपणच मागे जायचं.

त्या दिवसांत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर होते. गवत कापून मुरवायला ठेवायचा हंगाम. हा भाग दुधाचा. गोल्डन व्हेल म्हणतात त्या सपाट सुपीक पट्ट्यात शेत म्हणजे गवताचंच. कापलेल्या गवताचा गोडसर वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी येत होता. कुंपणांना व्हाइटथॉर्नची फुलं उतरणीला लागलेली, खाली पाकळ्यांचा सडा.

मुक्काम एका घरगुती बी अँड बीमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या. दारातच विचारलं, "चहा घेणार ना?" हो म्हणायच्या आत किटली चढली. कशासाठी आलात, हे ऐकून त्या जरा गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "आमच्या डंड्रमचं चित्र? लंडनच्या म्युझियममध्ये? आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही!" मी फोनवर दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितल्यावर त्यांचं मत पडलं की ही मल्टीन नदी असणार, आणि झाडं फार दाट काढली आहेत.

ते फोनवरचं चित्र मी मुद्दाम आरशासारखं उलटं करून ठेवलं होतं. कारण सरळ आहे. हेडन जागेवर उभा राहून, समोर बघत पत्र्यावर काढायचा. पत्र्यावर डावीकडे काढलेलं झाड छापात उजवीकडे येतं. पत्र्यावर उलटं काढण्याचा खटाटोप तो करत नसे, समोरचा उजेड पकडणं त्याला जास्त महत्त्वाचं वाटे. म्हणजे दीडशे वर्षं लोक डंड्रमची संध्याकाळ उलटी बघत आहेत.

जेवून आठच्या सुमारास निघालो, ऊन चांगलं होतं. तिथे जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. डंड्रम हाउस, म्हणजे हेवॉर्डनांचा अठराव्या शतकातला वाडा, अजून उभा आहे. मध्ये तो ख्रिस्ती जोगिणींकडे होता, पुढे हॉटेल झाला, बागेच्या जागी गोल्फचं मैदान आलं. खासगी जागेत शिरणं योग्य नाही, म्हणून सार्वजनिक रस्ता आणि नदीवरचा पूल एवढ्यावर आम्ही भागवलं. जवळच मार्ल बॉग नावाचं तळं आणि जंगलातली पायवाट आहे, तिथे कोणीही फिरू शकतं. डास मात्र चावून काढतात.

पुलावर उभ्या होतो तेव्हा एक आजोबा कुत्रा घेऊन आले. "हरवलात का?" इथे परक्या माणसाशी बोलायची सुरुवात हीच. त्यांनाही फोन दाखवला. त्यांनी चित्राकडे कमी आणि रस्त्याकडेच्या उंच दगडी भिंतीकडे जास्त बघितलं. म्हणाले, "हे भिंतीच्या आतलं आहे. आमची माणसं बाहेर होती."

आणि ते खरंच होतं. १८६३ म्हणजे बटाट्याचा मोठा दुष्काळ सरून जेमतेम अकरा वर्षं. १८४५ ते १८५२ ह्या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी किमान दहा लाख देश सोडून गेली. हेडनच्या चित्रात एक माणूस नाही, झोपडी नाही, धूर नाही. पाहुणा म्हणून आलेल्या सर्जनला जहागिरीच्या बागेत ओढा आणि झाडं दिसली, त्याने ती अप्रतिम काढली. ह्या चित्राचं कौतुक करताना कोणी त्या भिंतीचा विषय काढत नाही. मला ते चित्र त्यानंतरही तितकंच आवडतं, पण आता ते बघताना भिंत आठवते, आणि आठवावी असंच वाटतं.

आजोबा गेले. नऊ वाजून गेल्यावर उजेड पिवळा झाला आणि मग एक गोष्ट घडली जी कोणत्याही फोटोत येत नाही. हिरवा आधी झाडांच्या पोटातून गेला. मग कुंपणांच्या बुडातून. गवताचा हिरवा अजून शाबूत, आकाश तर पांढरंफटक, पण झाडी म्हणून जे काही होतं ते खालून वर काळं होत चाललं. हवेत ओल असल्यामुळे कडा तुटक दिसत नव्हत्या, फुलल्यासारख्या दिसत होत्या. ड्रायपॉइंटची रेघ कागदावर जशी फुलते, तश्शीच. मालकीणबाईंना सांगायला हवं होतं की झाडं जास्त दाट नाही काढली, वेळ बरोबर काढली आहे. पाण्याच्या एका वळणावर मात्र आकाश जसंच्या तसं पडलं होतं, तेवढाच तुकडा कोरा.

चित्रातली नेमकी जागा मिळाली का? पुलाच्या वरच्या अंगाला एक वळण उलट्या चित्राशी पुष्कळ जुळत होतं. पण दीडशे वर्षांत झाडं पडतात, नवी येतात. ऋता म्हणाली, "हेच आहे असं समजू, मावशी. मला थंडी वाजतेय." गेटापाशी आलो तर पलीकडे वीसेक गाई ओळीने उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

मंगळवार, कॅशेल

डंड्रमहून कॅशेल गाडीने वीस मिनिटं. सपाट मैदानातून एकदम चुनखडीचा कातळ वर येतो आणि त्यावर चर्च, गोल मनोरा, पडक्या भिंती. कॉर्मॅकचं चॅपेल ११३४ मध्ये पूर्ण होऊन अर्पण झालं. ते आतून बघायचं तर आधी चौकशी करा, ठरावीक लोकांनाच सोडतात. गर्दी खूप, बसच्या बस. मला कातळापेक्षा कातळावरून दिसणारं आवडलं. दूरवर शेतं आणि त्यांना विभागणारी काळी कुंपणं, वर ढगांची सावली सरकत जाते. एचिंग करणाऱ्याला ही कुंपणं आयतीच मिळाली आहेत, निम्मी रेखाटणी शेतकऱ्यांनी करून ठेवलेली.

उतरल्यावर खालच्या शेतातून होर अ‍ॅबीकडे चालत जा. तिथे तिकीट नाही, गर्दी नाही. गावात कॅशेल ब्लू चीज घ्या, १९८४ पासून ह्याच भागात बनतं. निळ्या बुरशीच्या चीजचं नाव काढलं की मी नाक मुरडत असे. ब्रेडवर पिकलेल्या पेअरबरोबर दिलं तेव्हा ऋतासाठी काही उरलं नाही.

बुधवार, अहार्लो आणि लिमरिक

अहार्लोच्या खोऱ्यात दिवसभर पाऊस. समोर गॉल्टी डोंगर असतात म्हणे, त्यातलं सर्वांत उंच शिखर ९१८ मीटर. आम्हाला ढग दिसले. येशूच्या पुतळ्यापाशी गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि निघालो.

वाट वाकडी करून शॅनन नदीवरचं अर्डनाक्रुशा वीजकेंद्र बघितलं, तेही चित्रांपायीच. स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडने हाती घेतलेलं हे पहिलं मोठं काम, १९२५ ते १९२९ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सने बांधलं. जॉर्ज अ‍ॅटकिन्सन नावाचा कोब गावचा एचर तिथे जाऊन बसला. त्याच्या एचिंगमध्ये तोच ग्रामीण आयर्लंड आहे, पण उभा कापलेला. खडकाच्या भिंती, क्रेनचे सांगाडे, तळाशी मुंग्यांएवढी माणसं. डंड्रमच्या बागेत एकही माणूस नव्हता, इथे माणसांवाचून चित्रच होत नाही. कालव्याच्या पुलावर भर पावसात उभी राहून मी म्हटलं, मला दोघांपैकी एक घरी न्यायला मिळालं तर अजूनही हेडनच नेईन. ऋताने छत्री धरली होती, तिला मत नव्हतं.

गुरुवार, डब्लिन

निघायच्या आधी पुन्हा कोप स्ट्रीटला जाऊन एक छोटं एचिंग घेतलं. विकलोच्या डोंगरातली दलदल आणि तिच्यावर एकच तार-खांब. छोटी कामं शंभर-दीडशे युरोपासून मिळतात. खाली पेन्सिलीने १२/५० असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासांतला बारावा छाप. सही पेन्सिलीचीच हवी. चौकट करून घेऊ नका, काच आणि वजन दोन्ही डोक्याला ताप. गुंडाळीही नको, पत्र्याच्या कडेचा जो दाब कागदावर उठलेला असतो तो मोडतो. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून मागा आणि हातातल्या सामानात ठेवा. पावती जपून ठेवा, कस्टमवाल्यांनी विचारलंच तर लागते. आणि घरी पोचल्यावर मुंबईच्या पावसाळ्यात तो पुठ्ठा कपाटात तसाच सोडू नका. बुरशी आधी पुठ्ठ्याला लागते, मग कागदाला.